एल-फंक्शनची 'फॅमिली' म्हणजे नेमकं काय? एकेकटं फंक्शन का पुरत नाही?

माहीम_खाडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते शेवटी इथे टाकतोय. मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. एमएस्सीला अ‍ॅनालिटिक नंबर थिअरी घेतली होती पण डिरिश्लेपर्यंत जाऊन थांबलो, पुढे नोकरी, क्लास, घर यात वीस वर्षं गेली. आता वर्षभर झालं, रात्री जेवणं आटोपली की परत वाचायला बसतो.

डिरिश्लेपर्यंतचं मला नीट कळतं. झीटामध्ये (१ + १/२^एस + १/३^एस + ... ही बेरीज) सगळे आकडे सारख्या मानाने येतात, एल-फंक्शनमध्ये प्रत्येक आकड्याला एक चिन्ह चिकटवायचं, चिन्ह ठरवणारा नियम म्हणजे कॅरॅक्टर. मॉड ४ चं कॅरॅक्टर घेतलं तर १, ५, ९ ला अधिक, ३, ७, ११ ला उणे आणि सम आकड्यांना शून्य. एस = १ ठेवलं की १ − १/३ + १/५ − १/७ ... अशी माधवाची केरळातली मालिका मिळते, उत्तर पाय भागिले ४. उत्तर शून्य नाही ही गोष्ट साधी वाटते पण मूळ हातचा तोच आहे. १८३७ मध्ये डिरिश्लेने असं प्रत्येक कॅरॅक्टरसाठी दाखवलं आणि त्यावरून अंकगणिती श्रेढीत अनंत प्राइम असतात हे सिद्ध केलं. पोरांना वर्गात १०० पर्यंत मोजायला लावलं होतं, ४ ने भागून ३ उरणारे प्राइम निघाले १३ आणि १ उरणारे ११. बाकी ३ वाले बहुतेक वेळ पुढेच असतात हे चेबिशेवने १८५३ मध्येच लिहून ठेवलंय, बाकी १ वाले पहिल्यांदा पुढे जातात ते थेट २६८६१ ला. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वह्या काढून बसली.

माझी अडचण पुढे आहे. १९९० नंतरचं काहीही उघडलं की पहिल्याच पानावर 'फॅमिली ऑफ एल-फंक्शन्स' येतं. एका फंक्शनबद्दल कोणी बोलतच नाही, सगळे झुंडीबद्दल बोलतात. असं का? आणि कुठलीही शंभर फंक्शनं गोळा केली तर ती फॅमिली होते का? व्याख्या कुठेच सापडत नाहीये.

कालिनाकर

चांगला धागा. थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

एका फंक्शनला प्रश्न विचारून बघा म्हणजे अडचण लगेच कळेल. एस = १/२ हा मधला बिंदू घ्या, फंक्शनल इक्वेशन ज्याच्याभोवती आरसा धरते तो. क्वाड्रॅटिक कॅरॅक्टरचं (ज्याच्या किमती फक्त १, −१ आणि ० असतात) एल-फंक्शन या बिंदूवर शून्य होतं का? सर्वदमन चावला यांचं म्हणणं होतं की कधीच होत नाही. तुम्ही मला एक ठराविक डी (असं कॅरॅक्टर ज्यावरून ठरतं तो पूर्णांक) दिलात तर मी कॉम्प्युटरवर आकडा काढून देईन की बघा, शून्य नाही. पण सगळ्या डींसाठी एकदम सिद्ध करा म्हटलं तर आज कोणाकडेच रस्ता नाही, कारण प्रत्येक फंक्शन वेगळं आणि त्याला धरायला मूठच नाही.

आता तोच प्रश्न झुंडीला विचारा. एक्सपर्यंतचे सगळे डी घेतले तर त्यातले किती टक्के शून्य नाहीत? इथे हत्यार मिळतं, सरासरी. डीवर सरासरी घेतली की कॅरॅक्टरची अधिक-उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात आणि फक्त पूर्णवर्ग आकड्यांचा वाटा उरतो, कारण वर्गावर कॅरॅक्टर नेहमी अधिक १ (किंवा ०) असतं. जे एकट्यात मोजता येत नव्हतं ते गर्दीत मोजता येतं.

पण नुसती सरासरी पुरत नाही. मधल्या बिंदूवरच्या किमतींची सरासरी लॉग एक्सच्या हिशोबाने वाढते, त्यांच्या वर्गांची सरासरी लॉग एक्सच्या घनाच्या हिशोबाने. (ही दोन्ही युटिलाने १९८१ मध्ये काढली.) आता कोशी-श्वार्ट्झची असमानता लावा, ती सांगते की शून्य नसलेल्यांचा वाटा निदान इतका: पहिल्या सरासरीचा वर्ग भागिले दुसरी, म्हणजे लॉगचा वर्ग भागिले लॉगचा घन, उरतं १ भागिले लॉग. एक्स वाढला की ते शून्याकडे जातं, म्हणजे टक्केवारीत हाती काहीच नाही. कारण काय, तर मोजकी फंक्शनं प्रचंड मोठी किंमत घेऊन बसलेली असतात. आपल्याकडे चाळींच्या मध्ये एक टॉवर उभा राहिला की अख्ख्या वॉर्डाची सरासरी मिळकत फुगते आणि चाळीतल्या माणसाबद्दल त्या आकड्यावरून काहीच कळत नाही, तसंच.

उपाय म्हणजे मॉलिफायर. प्रत्येक फंक्शनला एका छोट्या बेरजेने गुणायचं, जी साधारण १ भागिले एल सारखी वागते. मोठे खाली येतात, सगळे एका पातळीवर येतात, आणि मग कोशी-श्वार्ट्झ खरी टक्केवारी देतो. साउंडराजन यांनी २००० साली याच वाटेने दाखवलं की निदान ८७.५ टक्के, म्हणजे आठातली सात फंक्शनं मधल्या बिंदूवर शून्य होत नाहीत. कुठलंही गृहीतक नाही, रीमान हायपोथिसिससुद्धा (महत्त्वाची सगळी शून्यं १/२ च्या रेषेवर असतात हा अंदाज) नाही! एका फंक्शनबद्दल आपण मुके असतो आणि आठातल्या सातांबद्दल ठामपणे बोलू शकतो, मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो.

लालबाग४

वाचतेय. एक भाषेचा मुद्दा, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. मराठीत याला 'कुटुंब' म्हणायचं का? मी म्हणेन 'घराणं'. कुटुंबात माणसं नुसती जन्माने असतात. घराण्यात प्रत्येकाचा गळा वेगळा, बंदिश वेगळी, पण दोन आलाप ऐकले की कळतं हे भेंडीबाजारवाले की दुसरे कोणी. इथेही तसंच आहे ना? फंक्शनं वेगवेगळी पण चलन एक.

माहीम_खाडी

लालबागताई, घराणं एकदम पटलं, मी तेच वापरतो आता. पण चलन एक म्हणजे काय, ते कशात ऐकू येतं? 'शंभर कुठलीही' हा प्रश्न अजून तसाच आहे.

कर्जत_स्लो

चलन शून्यांमध्ये, म्हणजे फंक्शन जिथे शून्य होतं त्या बिंदूंमध्ये ऐकू येतं. इथून मी घेतो.

गोष्ट १९७२ ची. माँटगोमेरी झीटाच्या शून्यांमधल्या अंतरांचा अभ्यास करत होता आणि प्रिन्स्टनला इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत गेला होता. दुपारच्या चहाला चावलांनीच (वरचेच चावला) त्याला आग्रहाने फ्रीमन डायसनशी ओळख करून दिली. डायसन भौतिकशास्त्रातला माणूस. माँटगोमेरीने सूत्र सांगितलं आणि डायसन लगेच म्हणाला की हे तर रँडम मॅट्रिक्सच्या (यदृच्छेने भरलेल्या आकड्यांच्या चौकटीच्या) आयगेनव्हॅल्यूंचं, म्हणजे तिच्या खास आकड्यांचं सूत्र आहे, जड अणूंच्या ऊर्जापातळ्यांसाठी वापरतात ते. पुढे ओड्लिझ्कोने ८० च्या दशकात झीटाची खूप वरची शून्यं काढून ताडून पाहिलं आणि आलेख एकावर एक बसले.

मुख्य गुण काय, तर शून्यं एकमेकांना ढकलतात. नुसता यदृच्छेचा खेळ असता तर दोन शून्यं चिकटून येणं अगदी नेहमीचं असतं. स्टॉपवर उभं राहून बघा, बस बराच वेळ येत नाही आणि मग तीन एकामागे एक येतात. लोकलचं तसं होत नाही, मागच्या गाडीला सिग्नल पुढच्या गाडीपासून लांब ठेवतो. शून्यं लोकलसारखी आहेत. आणि हे नुसतं उपमेपुरतं नाही बरं का, मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका गावी बसचे ड्रायव्हर पुढची बस किती वाजता गेली ती वेळ रस्त्यावरच्या माणसांकडून पैसे देऊन घ्यायचे आणि त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करायचे. क्रबालेक आणि शेबा या दोघांनी २००० साली त्या बसच्या वेळा तपासल्या तर अंतरं रँडम मॅट्रिक्सच्या सूत्रात बसली.

आता घराण्याकडे येऊ. वर उंचावरची शून्यं बघितली तर सगळी एल-फंक्शनं सारखीच दिसतात, वेगळेपण ओळखू येत नाही. वेगळेपण दिसतं ते अगदी खाली, मधल्या बिंदूजवळ. पण तिथे एका फंक्शनची जेमतेम एक-दोन शून्यं, त्यावरून आलेख काय काढणार? म्हणून पूर्ण घराणं घ्यायचं, प्रत्येकाचं पहिलं शून्य नोंदवायचं, कंडक्टरच्या (फंक्शन किती गुंतागुंतीचं ते सांगणारा पूर्णांक) लॉगने मोजपट्टी सारखी करायची (कंडक्टर वाढला की शून्यं दाटीने येतात म्हणून) आणि मग वाटणी बघायची. कॅट्झ आणि सार्नाक यांनी १९९९ मध्ये मांडलं की घराणी मोजक्याच प्रकारची निघतात, प्रकारांची नावं मॅट्रिक्सच्या ग्रुपांवरून.

मधला बिंदू म्हणजे चर्चगेटचा बफर समजा, रूळ तिथे संपतात. सिम्प्लेक्टिक घराण्यात शून्यं बफरपासूनही लांब राहतात, जणू तिथे आधीच कोणी उभं आहे. क्वाड्रॅटिक कॅरॅक्टरं या प्रकारची. युनिटरी घराण्याला बफर जाणवतच नाही, मॉड क्यूची सगळी कॅरॅक्टरं तशी. ऑर्थोगोनलचे दोन पोटभेद, सम आणि विषम. विषमात एक शून्य बफरवरच उभं असतं, चुकवताच येत नाही. समात उलट बफरजवळ गर्दी, घनता सरासरीच्या दुप्पट.

कालिनाकर

यात माझी एक भर. मघाशी मी पहिली सरासरी लॉग, दुसरी लॉगचा घन म्हटलं. तिसरी लॉगचा सहावा घात, तीही साउंडराजन यांनीच काढली. १, ३, ६ या त्रिकोणी संख्या आहेत. झीटासाठी उंचीवर सरासरी घेतली तर (आधी वर्गाची, मग चौथ्या घाताची) १ आणि ४, म्हणजे वर्गसंख्या, पहिली हार्डी-लिटलवुडची १९१८ ची, दुसरी इंगमची १९२६ ची. पुढचा ९ असणार असा सगळ्यांचा अंदाज आहे पण सिद्ध झालेला नाही. कीटिंग आणि स्नेथ यांनी २००० मध्ये रँडम मॅट्रिक्सच्या डिटर्मिनंटवरून हे घात आणि त्यांच्यासोबतचे स्थिरांक दोन्ही सांगितले. झीटाचा स्थिरांक १, २, ४२, २४०२४ असा जातो. ४२ आणि २४०२४ हे नंबर थिअरीवाल्यांनी दुसऱ्या वाटेने अंदाजलेले होते आणि मॅट्रिक्समधून तेच आले. म्हणजे घराण्याचा प्रकार नुसता शून्यांत नाही, सरासरीच्या घातातही ऐकू येतो.

परळ_नाका

मला ऑर्थोगोनलचं एखादं हाताला लागणारं उदाहरण हवंय. कॅरॅक्टरं कळली, बाकी डोक्यावरून गेलं.

कर्जत_स्लो

घ्या, शाळेतलं उदाहरण. काटकोन त्रिकोण, तिन्ही बाजू अपूर्णांक चालतील, क्षेत्रफळ दिलेला पूर्णांक. कुठले पूर्णांक जमतात? ३, ४, ५ च्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, म्हणून ६ जमला. ५ जमतो, बाजू ३/२, २०/३, ४१/६. ७ जमतो, ३५/१२, २४/५, ३३७/६०. गुणून बघा. १ मात्र जमत नाही, फर्माने सिद्ध केलं. २, ३ पण नाहीत. यांना काँग्रुअंट नंबर म्हणतात.

प्रत्येक एनला एक एलिप्टिक कर्व्ह आहे, वाय वर्ग = एक्स घन − एन वर्ग एक्स. त्रिकोण मिळणं म्हणजे त्या कर्व्हवर अनंत रॅशनल बिंदू असणं, आणि बर्च-स्विनर्टन-डायरच्या अंदाजाप्रमाणे ते म्हणजे त्याचं एल-फंक्शन मधल्या बिंदूवर शून्य असणं. एन बदलत जा, हे झालं घराणं, एका कर्व्हचे सगळे ट्विस्ट (त्याच कर्व्हची एनने बदललेली रूपं). (एन वर्गमुक्त घ्यायचा.)

आता बघा, एनला ८ ने भागून बाकी ५, ६, ७ आली तर फंक्शनल इक्वेशनचं चिन्ह उणे (आरशातली किंमत उलट्या चिन्हाची), म्हणून शून्य सक्तीचं. हा विषम पोटभेद. बाकी १, २, ३ आली तर चिन्ह अधिक, सक्ती नाही. हा सम पोटभेद. ५, ६, ७ जमले आणि १, २, ३ नाही जमले ते याचमुळे. सम बाजूलाही कधीकधी शून्य येतं, पहिला ३४, त्याची बाकी २ असूनही तो जमतो. पण असे विरळ. गोल्डफेल्डचा १९७९ चा अंदाज असा की अर्धी फंक्शनं शून्य, अर्धी नाहीत, बाकी सगळं मिळून टक्केवारीत शून्य. अलेक्झांडर स्मिथने २०१७ मध्ये दाखवलं की बाकी १, २, ३ वाल्यांत काँग्रुअंट नंबर शून्य टक्के आहेत.

माहीम_खाडी, तुमच्या 'कुठलीही शंभर'चं अर्धं उत्तर यात आहे. चिन्ह न बघता गोळा केलेत तर सम आणि विषम दोन गायकी मिसळतात आणि आलेखात दोन्हींचा मधलाच काहीतरी सूर येतो.

माहीम_खाडी

३५/१२ गुणिले २४/५ भागिले २, बरोब्बर ७! उद्या फळ्यावर हेच लिहिणार.

उरलेलं अर्धं उत्तर?

शिवडी_किल्ला

(मी पीएचडी करतोय, यातल्याच एका कोपऱ्यात.) उरलेलं अर्धं सांगायचा प्रयत्न करतो, पण काटेकोर व्याख्या म्हणून घेऊ नका.

घराण्याला उगम हवा. पिशवीत भरलेली फंक्शनं चालत नाहीत, ती एका पॅरामीटरवर उगवलेली हवीत. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते फंक्शन फील्डमध्ये. पूर्णांकांच्या जागी सांत फील्डवरच्या (मोजक्याच आकड्यांच्या जगातल्या) बहुपदी घ्या. तिथे प्रत्येक कर्व्हच्या झीटा फंक्शनचा अंश मुळात एक बहुपदीच असते, तिची शून्यं फ्रोबेनियस (घात घेण्याची एक क्रिया) या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंवरून मिळतात, आणि रीमान हायपोथिसिस तिथे वेईलने कधीच सिद्ध केलाय. म्हणजे ज्या मॅट्रिक्सची आपण झीटासाठी नुसती कल्पना करतो ती तिथे खरीखुरी हातात असते. वाय वर्ग = एफ(एक्स) असे कर्व्ह घ्या, एफ बदलत जा, ही सगळी मिळून एक भूमितीय जागा होते. त्या जागेत फिरून परत मूळ ठिकाणी आलं की कर्व्हच्या आतली रचना वळून येते, ही वळणं मिळून जो ग्रुप बनतो तो मोनोड्रॉमी. या उदाहरणात तो सिम्प्लेक्टिक निघतो, आणि डेलिन्यच्या प्रमेयाने फील्ड मोठं होत गेलं की फ्रोबेनियस त्या ग्रुपमध्ये समान पसरतात. कॅट्झ-सार्नाकचा आधार हा आहे, तिथे हे सगळं सिद्ध आहे. पूर्णांकांकडे मोनोड्रॉमी नाही, पण घराण्याचा प्रकार तसाच वागतो, म्हणून सगळे त्या भूमितीची सावली इकडे शोधतात. सार्नाक, शिन आणि टेम्प्लिए यांनी नंतर याच धर्तीवर पूर्णांकांकडच्या फॅमिलीची मांडणी केली, एक भूमितीतून आलेल्या आणि एक ऑटोमॉर्फिक बाजूने, स्पेक्ट्रममधून वेचलेल्या.

आणि इथे एक इशारा. चावलांचा अंदाज फंक्शन फील्डमध्ये जसाच्या तसा खोटा आहे! वानलिन ली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की तिथे मधल्या बिंदूवर शून्य होणारी क्वाड्रॅटिक फंक्शनं अनंत आहेत. टक्केवारीत ती नगण्य असावीत अशी अपेक्षा आहे, म्हणजे घराण्याचं विधान शाबूत राहतं आणि 'एकही नाही' हे विधान मात्र पडतं. माझ्या मते हेच घराण्याने विचार करण्यामागचं खरं कारण आहे, घराण्याचं बोलणं जास्त टिकाऊ असतं. कालिनाकर, तुम्ही फक्त हत्याराची सोय सांगितलीत. सोय आहेच, पण सोयीपलीकडेही काहीतरी आहे.

कालिनाकर

मान्य. मी घराण्याला साधन समजून लिहिलं, तुम्ही म्हणता ती स्वतः वस्तू आहे. विचार करतो यावर.

परळ_नाका

८७.५ चे १०० का होत नाहीत? अडतं कुठे?

शिवडी_किल्ला

मॉलिफायर किती लांब घेता येतो तिथे अडतं. लांब घेतला की हिशोबातली त्रुटी मुख्य उत्तराएवढी होते. दुसरी वाट शून्यांच्या घनतेची, रीमान हायपोथिसिस (सगळ्या एल-फंक्शनसाठीचा) मानला तर ओझलुक आणि स्नायडर यांनी १९९९ मध्ये १६ पैकी १५ पर्यंत नेलं. तिथेही टेस्ट फंक्शनचा (शून्यं मोजायला लावायच्या फंक्शनचा) आवाका एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. मर्यादा ताणायची म्हणजे प्राइमवरच्या बेरजांची आज नसलेली माहिती लागते. सगळ्यांचं डोकं तिथेच आपटतंय, माझंही.

लालबाग४

हे सगळं प्रिन्स्टनचं वाटेल म्हणून मुंबईची एक नोंद करते. फेब्रुवारी १९५६ मध्ये टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मुंबईत झीटा फंक्शनवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला होता, त्या संस्थेचं कुलाब्याचं आताचं घर तेव्हा अजून उभंही नव्हतं. सेलबर्गचा ट्रेस फॉर्म्युलाचा प्रसिद्ध लेख त्याच वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. वरती जी 'ऑटोमॉर्फिक बाजू' म्हटली तिथे सरासरी काढायचं मुख्य हत्यार हा ट्रेस फॉर्म्युलाच. पुढे के. रामचंद्र यांनी टीआयएफआरमध्ये बसून झीटाच्या सरासऱ्यांवर आयुष्यभर काम केलं आणि १९७८ मध्ये बालसुब्रमण्यन यांच्यासोबत हार्डी-रामानुजन जर्नल काढलं. नेव्ही नगरची बस समुद्राकडे वळते तेव्हा मला दर वेळी हे आठवतं, आणि आपल्या शाळांमध्ये याचा साधा उल्लेखही नसतो याचं वाईट वाटतं.

कर्जत_स्लो

ताई, या नोंदीसाठी खूप आभार, १९५६ चं मला माहीत नव्हतं.

जाता जाता नवीन गोष्ट. २०२२ मध्ये ही, ली, ऑलिव्हर आणि पोझ्दन्याकोव्ह यांनी एलिप्टिक कर्व्हचा मोठा डेटा घेतला, कंडक्टर ७५०० ते १०००० मधले सगळे कर्व्ह, रँक ० वाले (रॅशनल बिंदू मोजकेच) एका बाजूला, रँक १ वाले (एका बिंदूपासून अनंत बिंदू) दुसऱ्या. प्रत्येक प्राइमला त्या कर्व्हचा एपी आकडा (त्या प्राइमच्या हिशोबात कर्व्हवरचे बिंदू अपेक्षेपेक्षा किती कमी-जास्त ते) घेऊन सरासरी काढली. एका कर्व्हचे एपी बघाल तर नुसते वरखाली उड्या मारतात, त्यात काही दिसत नाही. सरासरीचा आलेख मात्र लाटेसारखा हलला, रँक ० ची लाट वर तेव्हा रँक १ ची खाली. त्याला त्यांनी पक्ष्यांच्या थव्याचं नाव दिलं, मर्म्युरेशन. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर संध्याकाळी भोरड्यांचा थवा वळतो ना, तसं. इतकी वर्षं एपीचे तक्ते सगळ्यांसमोर होते आणि कोणाला दिसलं नाही, कारण घराण्यावर अशी सरासरी कोणी काढून पाहिली नव्हती. मॉड्युलर फॉर्मच्या घराण्यासाठी नीना झुब्रिलिना यांनी २०२३ मध्ये सिद्धताही दिली.

परळ_नाका

माझं गाव सोलापूरकडे. भोरड्या वळतात तेव्हा शेतात राखण करणारा माणूस पण गोफण खाली ठेवून बघत उभा राहतो. आता आलेख शोधून बघतोच.

माहीम_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, चार रात्री हेच वाचतोय. बायको विचारत होती इतकं काय आहे त्या फोनमध्ये, तिलाही ३५/१२ वाला त्रिकोण दाखवला.

काल पारी-जीपी (नंबर थिअरीचं सॉफ्टवेअर) बसवलं लॅपटॉपवर आणि क्वाड्रॅटिक घराण्याची पहिली शून्यं काढायला घेतली. झीटाचं १४.१३ वर, ते आधी ताडून पाहिलं. मग डी = −३ चं ८.०४, −४ चं ६.०२, ५ चं ६.६५. शिवडी_किल्ला, एक विचारायचंय, मोजपट्टी सारखी करताना −३ आणि ५ एकत्रच घ्यायचे की ऋण डी वेगळे ठेवायचे?

शिवडी_किल्ला

प्रकार दोन्हींचा सिम्प्लेक्टिकच, पण गॅमा फॅक्टर (फंक्शनल इक्वेशनमधला एक गुणक) वेगळा असतो, लहान डीला त्याचा फरक डोळ्यांना दिसेल. आधी वेगळे ठेवा. उंची गुणिले लॉग डी (उणे चिन्ह सोडून) भागिले २ पाय, आणि निदान डी १०००० पर्यंत जा, त्याआधी बफरजवळची मोकळी जागा नीट दिसणार नाही.

माहीम_खाडी

ठीक. आज रात्री ऋण बाजू लावून झोपतो, सकाळी पहिल्या लोकलच्या आधी आलेख इथेच टाकतो.